सायंकाळी सातचा सिंह

मरोळच्या तळघरात, जिथे पूर्वी
कुणाची तरी पापडांची वखार होती,
मी सिंहांना मराठीत आणते.
दर मिनिटावर. डरकाळीचे पैसे मिळत नाहीत,
ती मूळचीच ठेवतात.

काचेपलीकडे विल्सन कोळासो.
चामडी हातमोज्याच्या बोटांना त्याने यू-पिना शिवल्यात:
तो पंजा.
कॉर्नफ्लॉवरचं पुडकं दाबलं की अंटार्क्टिकाचा बर्फ,
ओल्या टॉवेलला पीळ दिला की हरणाचं पोट.
हाडांसाठी कोबीचे दांडे; उरले तर
फ्लोरी ते सुक्या जवळ्यात घालते.
"अर्ध्या मैलावरून शूटिंग करतात," विल्सन म्हणतो,
"एवढ्या लांबून ऐकू काय येणार, कपाळ?"

चॅनेलची सूचना पिवळ्या रंगात:
लोक कुटुंबासोबत बघतात, सायंकाळी सात.
म्हणून नव्या नराने जुन्याची पिल्लं मारली, तो तुकडा गेला.
वीस तास झोपणाऱ्याला मी "राजा" म्हटलं.
रात्रभर धावून, लाथ खाऊन, म्हैस पाडणारीला
"गृहलक्ष्मी".
शिकार तरसाची होती, सिंहाने हिसकावली,
हे चित्रात स्वच्छ दिसतं.
तरी "चोरटा" हा शब्द तरसाच्याच वाट्याला आला,
कारण संगीत तिकडूनच तसं आलं होतं.

आणि पेंग्विन.
मूळ संहितेत होतं: या हंगामापुरती जोडी.
मी लिहिलं: साता जन्मांची गाठ.
दुसऱ्या दिवशी वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात
माझी शेवटची तारीख होती.
ते कारण नव्हे.
शॉट अकरा सेकंदांचा होता, वाक्य नेमकं बसलं.
निर्मात्याने फोन करून सांगितलं, बायको रडली.
पुढच्या भागात तीच मादी, तोच खडक, नर दुसरा.
"आता?" त्याने विचारलं.
मी "नियती" हा शब्द दिला.
तोही बसला.

मग गेल्या मंगळवारी, रात्री दोन सतराला,
आरेच्या भिंतीवरून आमच्या सोसायटीत
कुणीतरी उतरलं.
कॅमेरा कचऱ्याच्या डब्यांवर लावलेला, आवाज नसलेला.
अकरा मिनिटं.
डब्याचा वास घेतला. पाटणकरांच्या गाडीला टेकून
पुढचा पाय चाटला. जांभई. पुन्हा पाय.
चार फुटांवर वॉचमन रामसजीवन खुर्चीत झोपलेला.
त्याच्याकडे एकदा बघितलं,
बादलीकडे बघितलं होतं तेवढंच.

सकाळी ग्रुपवर
बी विंगच्या पोंक्षेबाई: बिचारी आई, पिल्लं शोधतेय.
जिमवाला तन्मय: किंग परत आला.
सचिव: हे सरळसरळ अतिक्रमण आहे.
रामसजीवन ग्रुपवर नाही.

मी ते विल्सनला दाखवलं.
सवयीने त्याने हातमोजा चढवला,
लाकडी फळी पुढे ओढली,
पडद्यावर पहिलं पाऊल पडलं
आणि त्याचा हात हवेतच राहिला.
दुसरं पाऊल. तिसरं.
"वाजत नाही ना हे," तो म्हणाला.
नाही.
"मग सव्वीस वर्षं मी कुणाला चालवत होतो?"
मोजा काढून त्याने उलटा केला, आतला घाम
टेबलफॅनसमोर वाळत ठेवला.
चहा आला. चहा गार झाला.

घरी येऊन म्हटलं, निदान एक वाक्य लिहावं,
बिनपैशाचं, कुणासाठी नसलेलं,
फक्त जे दिसलं ते.
"बिबट्या" लिहिलं, तर झालाच तो पुरुष.
"मादी" लिहिलं, तर पोंक्षेबाईंची पिल्लं मागून आली.
जनावर म्हणावं, तर दार लावून घ्यावंसं वाटतं.
आणि शेवटी क्रियापद उभंच:
आला, आली, आलं? गेला, गेली, गेलं?
आपल्या भाषेत नुसतं निघून जाता येत नाही,
आधी कोण ते सांगावं लागतं.

मी पुन्हा चित्रफीत लावली.
दोन अठ्ठावीस. भिंत.
शेपटीचं टोक चौकटीत थोडं जास्त वेळ राहतं,
मग फक्त डबे.
कागदावर माझं वाक्य:
पाटणकरांच्या गाडीमागून, भिंतीवर, आणि पलीकडे